बेल वाजवून दोन पावलं मागे

वसुधाबाई कुणाच्याही दाराची बेल वाजवायच्या आणि लगेच दोन पावलं मागे सरकायच्या. नुसत्या मागे नाही, जरा तिरक्या उभ्या राहायच्या आणि दाराकडे न बघता कुंडीतल्या एखाद्या फुलाकडे बघत बसायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंना कुत्र्यांची भीती वाटत असणार. मी आपली दाराला नाक लावून उभी. त्यांनी माझ्या जॅकेटची बाही धरून मला मागे ओढलं. "अगं, मागे हो! दार उघडल्या उघडल्या तुझं तोंड दिसलं तर माणूस आपण काही बोलायच्या आधीच नाही म्हणेल. त्याला आधी त्याचं अंगण दिसू दे, मग आपण दिसू." पाऊस आडवा येत होता, ऑकलंडच्या वाऱ्याने बाईंची छत्री केव्हाच उलटी केली होती, आणि ही बाई मला उभं कसं राहायचं ते शिकवत होती. मी मनात म्हटलं, शुभांगी, बरी सापडलीस.

बाई पुण्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. यजमान गेल्यावर मुलाने, मिलिंदने, त्यांना इकडे आणलं. महिनाभर त्यांनी घरात बसून नातीचे मोजे जोडीने लावले, टीव्हीवरचं रग्बी समजून घ्यायचा प्रयत्न केला आणि एक दिवस उठून बस पकडून एका संशोधन कार्यालयात गेल्या. तिथल्या हेलनला म्हणाल्या, "तुमची जाहिरात पाहिली. मला सर्व्हेसाठी माणसांचा नमुना काढता येतो आणि मला दारं वाजवता येतात." हेलन ही तिथली प्रमुख. तिला बिचारीला यातलं एक जरी येणारं माणूस मिळत नव्हतं, तर दोन्ही एकदम चालून आलं. बाई त्याच आठवड्यात कामावर रुजू झाल्या.

मी सांगलीहून डिप्लोमा करायला आलेली. डिप्लोमा झाला, नोकरीचा पत्ता नाही, आणि मी एका डेअरीत गल्ल्यावर उभी राहत होते. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान. म्हशीचा नि त्याचा काही संबंध नाही, हे मला आईला फोनवर तीनदा सांगावं लागलं. बाई तिथे पावाला यायच्या. एकदा माझं मराठी ऐकून थांबल्या आणि म्हणाल्या, "गाडी चालवता येते?" मी हो म्हटलं. "अनोळखी माणसाने तोंडावर दार लावलं तर रडशील?" मी म्हटलं, इथे रोज कुणी ना कुणी अंगावर ओरडतंच. झालं, मी त्यांची ड्रायव्हर कम मुलाखतकार झाले.

सर्व्हे आरोग्याचा होता. माणसं डॉक्टरकडे कधी जातात, जात नसतील तर का नाही जात, असले प्रश्न. सगळ्याच लोकांचा होता. जिथे हिंदी, मराठी, मोडकंतोडकं गुजराती लागेल तिथे आम्हा दोघींना पाठवायचे. ऑफिसने नकाशावर घरांच्या खुणा केलेल्या असायच्या. "घर आपण निवडायचं नाही," हे बाईंचं पहिलं वाक्य. "घर निवडलेलं असतं. आपण फक्त जायचं." कुणी घरात नसेल तर परत जायचं. तरी नसेल तर वेगळ्या वेळी, वेगळ्या वारी परत जायचं. शेजारचं घर घ्यायचं नाही म्हणजे नाही.

आता हे ऐकायला सोपं आहे. अवोन्डेल या उपनगरात एका चढावरच्या रस्त्यावर एक घर होतं, कायम पडदे ओढलेले. आम्ही पुन्हा पुन्हा जात होतो आणि बाई पुन्हा पुन्हा दोन पावलं मागे सरकून एका सुकलेल्या जास्वंदीकडे बघत होत्या. शेजारची गोरी आजी एकदा न राहवून कुंपणाशी आली, इथला माओरी नमस्कार घालत. "किया ओरा! त्यांच्याकडे दिवसा कुणी नसतं गं. मला विचारा ना, मला वेळच वेळ आहे!" आतून ताज्या भाजलेल्या स्कोनचा, म्हणजे इथल्या छोट्या पावांचा, वास येत होता. मी बाईंना हळूच म्हटलं, "बाई, ही पण माणूसच आहे की. हिला घेऊन टाकू, काय बिघडतंय?"

"हिला वेळ आहे म्हणून ही बोलतेय," बाई म्हणाल्या. "ज्याला वेळच नाही त्याचं म्हणणं ही कुठून सांगणार?" मग आजीकडे वळून गोड हसल्या आणि सरळ तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. मी आ वासून बघतच राहिले. "बघतेस काय? स्कोन खायला नमुन्यात असावं लागत नाही."

पडद्याआडचं दार शेवटी उघडलं. दिवसा बेकरीत आणि रात्री टॅक्सीवर असणारा जालंधरचा एक तरुण, एका बाजूने गाल टम्म सुजलेला. दाढ कित्येक दिवस ठणकत होती. डॉक्टरकडे का नाही गेलास, या प्रश्नाला तो म्हणाला, "कब जाऊं?" बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि निघताना त्याला संध्याकाळी उघडा असणारा दवाखाना कुठे आहे ते नकाशावर दाखवलं. गाडीत बसल्यावर त्यांनी मला फक्त पुढच्या घराचा पत्ता दिला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तरी माझी खोड जायला वेळ लागला. एकदा मी म्हटलं, रविवारी अवोन्डेलच्या बाजारात उभं राहू. सगळे देशी तिथे मेथी न् कोथिंबीर घ्यायला येतात, सकाळभरात हवी तेवढी माणसं मिळतील. बाई म्हणाल्या, "चल." मला आनंद झाला. खरोखरच गेलो. रेसकोर्सच्या मैदानावर ही गर्दी! टेबलांवर तारोचे कंद, मिरच्या, जुने नळ, जँडल्स म्हणजे रबरी चपलांचे ढीग, माणसं एकमेकांना ढकलत होती. बाईंनी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, भाजीवाल्याशी घासाघीस केली आणि मग माझ्याकडे वळल्या. "हं, आता सांग. इथे कोण नाही?"

"म्हणजे?"

"इथे कोण आहे ते मलाही दिसतंय. कोण नाही ते सांग."

मी उभी राहिले आणि विचार करू लागले. ज्यांची रविवारी शिफ्ट असते ते नाहीत. ज्यांच्याकडे गाडी नाही ते नाहीत. ज्यांच्या घरी कुणी अंथरुणावर आहे ते नाहीत. ज्या सुनांना एकटीने बाहेर पडता येत नाही त्या नाहीत. एक सुचलं की दुसरं सुचे. "पुरे," बाई म्हणाल्या, "आता माझी पिशवी धर." त्या दिवसापासून कुठल्याही समारंभाला गेले की माझी नजर आधी रिकाम्या खुर्च्यांवर जाते. आता लग्न झाल्यावर नवरा वैतागतो.

ह्याच दरम्यान मिलिंदचं ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला जायचं निघालं. पुकेकोहेला जायचा लांबचा रस्ता, दोन्ही बाजूंना लाल मातीची कांद्याची शेतं, आणि बाई डब्यातला चिवडा मला भरवत होत्या, कारण माझे हात स्टिअरिंगवर. मधेच म्हणाल्या, "मिलिंदला तिकडे चांगली नोकरी मिळतेय. सगळे जाणार वर्षअखेर. घरही बघून आलाय. खाली वेगळी खोली आहे म्हणे माझ्यासाठी, बाथरूमसकट."

"तुम्हाला जायचंय?"

"मला कुणी विचारलंय?" असं म्हणून त्यांनी चिवड्यातला एक शेंगदाणा माझ्या तोंडात घातला आणि पुढचं वळण डावीकडे आहे असं सांगितलं. त्या हसत होत्या. मी काही हसले नाही. एक तर ही बाई गेली तर माझं इथे कोण? आणि दुसरं म्हणजे, जी बाई अनोळखी माणसाचं मत घ्यायला जास्वंदीसमोर तासन्‌तास उभी राहते, तिचं मत तिच्या घरात कुणी घेत नाही, हे काय चाललंय?

पण मी त्यांच्या घरच्या गोष्टीत पडणारी कोण? गाडी डावीकडे वळवली.

घर ठरलेलं असलं तरी घरातल्या कुणाला प्रश्न विचारायचे, हाही एक प्रश्न असतो. दार उघडणाऱ्याला विचारून चालत नाही. आपल्याकडे दार कर्ता पुरुष उघडतो नाहीतर कामातून उठवलेली सून. म्हणून बाईंनी नियम घातला होता, घरात ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार आहे, त्याला विचारायचं. कुणाचा वाढदिवस कधी येईल हे कुणाच्या हातात नसतं, म्हणून निवड कुणाच्या मर्जीवर राहत नाही. सोपं, छान. हेलनलाही पटलेलं. आम्ही मे महिनाभर हिंडलो आणि मे संपता संपता हेलनने आम्हाला बोलावून घेतलं.

तिचा चेहरा पडलेला होता. म्हणाली, इतर भागांतून सगळ्या वयाची माणसं आली आहेत, तुमच्या दोघींच्या घरांमधून मात्र आजी-आजोबाच आजी-आजोबा. ती फार भली बाई, म्हणून थेट बोलली नाही. पण आम्ही दिवसा जाऊन घरात जे म्हातारं माणूस सापडेल त्याला धरतो, असं तिला वाटत होतं हे उघड होतं. मला इतका राग आला! कुत्री अंगावर घेतली, पावसात भिजलो, आणि वर हे? मी कागद तिच्यासमोर आपटले. "बघा, प्रत्येक घरात वाढदिवस विचारलाय. आम्ही लबाडी करत नाही!"

हेलनने एक कागद उचलला, दुसरा उचलला. एक जून. एक जून. पुन्हा एक जून. "तुमच्याकडे सगळे एकाच दिवशी जन्मतात का?" तिने विचारलं. आणि बाईंनी कपाळावर असा हात मारून घेतला की चष्माच खाली आला.

"अरे देवा! माझं डोकं कुठे गेलं होतं!"

मग बाईंनी हेलनला जे सांगितलं ते तिला खरं वाटेना. आमच्याकडे पूर्वी मूल शाळेत घालायला नेलं की गुरुजी जन्मतारीख विचारायचे. आई सांगायची, "पोळ्याच्या आसपासचा." नाहीतर "मोठा पाऊस झाला तेव्हाचा." शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, तेव्हा वयात बसावं म्हणून गुरुजी आपले एक जून टाकून मोकळे व्हायचे. अख्ख्या पिढ्या एक जूनला जन्मल्या. तीच तारीख दाखल्यावर, तीच पासपोर्टवर. आम्ही मे महिन्यात दारोदार विचारत होतो, येणारा वाढदिवस कुणाचा? येणार कुणाचा, तर आजोबांचाच! गुजरातेतून आलेल्यांच्या घरी तीच तऱ्हा.

"आणि मी मूर्ख," बाई पर्समधून पासपोर्ट काढत म्हणाल्या, "हा बघ माझा!" एक जून. हेलन टेबलावर डोकं ठेवून हसली. मग डोळे पुसत विचारलं, "मग तुझा खरा कधी असतो?" बाई म्हणाल्या, आवळीभोजनाच्या दिवशी, कार्तिकात, आई नेहमी सांगायची की पंगत उठायच्या आधी तिला कळा सुरू झाल्या. हेलनला आवळीभोजन म्हणजे काय हे समजावण्यात आमचा अर्धा तास गेला. आवळ्याच्या झाडाखाली बसून जेवतात, एवढं सांगितल्यावर "पिकनिक!" असं म्हणून तिने सुटका करून घेतली.

परत येताना मी म्हटलं, "म्हणजे मिलिंददादा एक जूनला केक आणतात तो?"

"आणतो खरा. ईशा त्यावर चॉकलेटच्या गोळ्या लावते. एवढ्या हौसेने करतात, कशाला सांगायचं?" बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. मला ते मुळीच आवडलं नाही, आणि मी तसं तोंडावर सांगितलं. "तू गाडी चालव," बाई म्हणाल्या.

वाढदिवसाचा नियम आमच्या घरांपुरता मोडीत निघाला. त्या जागी बाईंनी आणल्या चिठ्ठ्या. घरातल्या मोठ्या माणसांची नावं चिठ्ठ्यांवर लिहायची, त्यांच्याच स्वयंपाकघरातली वाटी मागून घ्यायची, चिठ्ठ्या तिच्यात टाकायच्या आणि घरातल्या सगळ्यात लहान मुलाला एक उचलायला सांगायचं. मूल नसेल तर आम्ही. हेलन म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे इथलं 'झकास'. लोकांना तर ते इतकं आवडायचं, की कधी कधी शेजारीही बघायला यायचे. भिशीत नाहीतर हळदीकुंकवात चिठ्ठी काढलेली असतेच प्रत्येकीने. ज्याचं नाव निघालं तो दैवाने निवडला, मग त्यावर कुणाचं काही चालत नसे.

नाही, एका घरी चालवायला बघितलं. अवोन्डेललाच, नाशिककडचं कुटुंब. मुलगा इंजिनिअर, बोलका, अगत्याचा. चिठ्ठी त्याच्या आईची निघाली. "अहो, तिला काय विचारता, मीच सांगतो सगळ्यांचं," तो म्हणाला. "तिला काही होत नाही. एकदम फिट आहे." बाई म्हणाल्या, "वा! मग तुम्ही असं करा, आमच्यासाठी फक्कडसा चहा टाका. आलं घालून. किसून घाला हं, ठेचून नको." आलं किसायला वेळ लागतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

तो आत गेला. बाईंनी त्या आजींना विचारलं, "तब्येतीचं कसं काय आहे तुमच्या?" आजी म्हणाल्या, "छान आहे की." मी पुढचा प्रश्न काढणार तोच बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हा त्यांचा दुसरा नियम: "प्रश्न विचारला की जीभ टाळूला लावायची. पहिलं उत्तर पाहुण्यांसाठी असतं. खरं त्याच्या मागून येतं." आम्ही तिघी बसून राहिलो. आतून किसणीचा आवाज येत होता. आजींनी पदर सारखा केला, सोफ्यावरचा तंतू उचलला, आणि मग हळूच म्हणाल्या, "डाव्या कानाने ऐकू येईनासं झालंय, उजव्यानेही कमीच येतं. मागच्या दिवाळीपासून. टीव्ही मी नुसता बघते."

मुलगा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभा होता. त्याने ऐकलं. "आई, बोलली का नाहीस?" तो म्हणाला, आणि ट्रे ठेवून तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसला. त्याला आठवलं असणार, गेलं वर्षभर तो तिला 'लक्ष कुठे असतं तुझं' म्हणून करवादत होता. चहा फार छान झाला होता. आम्ही तो पटकन पिऊन निघालो.

गाडीत बाईंनी नकाशा उघडला. मी म्हटलं, "बाई, तुमच्या घरी चिठ्ठी कोण काढणार?" त्यांनी नकाशा उलटा धरला होता, तो सुलटा केला. मी पण जीभ टाळूला लावून बसले, त्यांचंच शिक्षण. पण घर येईपर्यंत काही आलं नाही. बाईच त्या, त्यांना ही युक्ती ठाऊक होती.

जायचे दिवस जवळ आले तेव्हा मिलिंदने मला जेवायला बोलावलं. दुसऱ्या दिवशी तिकिटं काढायची होती. मिलिंद माणूस सोन्यासारखा, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही त्याला उगाच नावं ठेवाल. त्याची बायको स्वाती शिकलेली दंतवैद्य, पण इथे तिची पदवी चालत नव्हती म्हणून ती एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. ईशा दहा-अकराची, मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. बाईंनी आमटी, भात, मेथीची भाजी केली होती आणि त्याच वाढत होत्या.

मिलिंदने लॅपटॉप ताटांच्या मधोमध ठेवून घराचे फोटो दाखवले. "ही आईची खोली. इथून बागेत जाता येतं. आणि ऊन काय असतं तिथे! इथल्या थंडीत तिचे गुडघे धरतात. आईला एकदम आवडणार बघ." प्रत्येक वाक्यात माया होती आणि प्रत्येक वाक्य तोच बोलत होता. "आईचं काय, आम्ही जिथे तिथे ती. हो की नाही गं?" बाई म्हणाल्या, "आमटी घे अजून."

मला राहवेना. उद्या तिकीट निघालं की संपलं, मग ही बाई तिकडे जाऊन मोजे जोडीने लावत बसणार. मी म्हटलं, "ईशा, एक वाटी आण गं. आणि कागद."

"आर वी प्लेइंग अ गेम?"

"हो. चौघांच्या नावाच्या चिठ्ठ्या. ज्याचं नाव निघेल त्याने ब्रिस्बेनबद्दल काय वाटतं ते सांगायचं, बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही."

"आईचं ऑफिस घरी आलं म्हणजे!" मिलिंद हसला. ईशाने पळत जाऊन वाटी आणली, नावं लिहिली, घड्या घातल्या. मी आमच्या गणपतीची आठवण केली. बाप्पा, चारात एक, बाईंची तेवढी बाहेर काढ. ईशाने डोळे मिटून हात पुढे केला, आणि बाईंनी वाटीवर आपला तळहात पालथा ठेवला.

"उचल ती वाटी, शुभे," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला होता. "इतकी माझ्याबरोबर हिंडलीस आणि हेच शिकलीस? अख्ख्या गावाला विचारता येत नाही म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या. चार माणसांच्या घरात चिठ्ठ्या कसल्या काढतेस? चौघांना विचारायचं. त्याला शिरगणती म्हणतात."

बाईंनी भातवाढी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच आपलं ताट घेऊन टेबलाशी बसल्या. "लहानापासून सुरू करायचं. मोठा आधी बोलला की बाकीचे त्याचंच बोलतात. ईशा, तू सांग."

ईशा म्हणाली, तिथल्या घराला पूल आहे, तो कूल आहे, पण तिला तिची नेटबॉलची टीम हवी. "कॅन वी टेक द होल टीम?" स्वाती वाटीतल्या चिठ्ठ्यांकडे बघत होती. ती म्हणाली, "मला जायचंय. मनापासून. तिकडे परीक्षा दिली की मला पुन्हा डेंटिस्ट होता येईल. लोकांचे दात बघायचे सोडून त्यांच्या अपॉइंटमेंट लिहून मी कंटाळलेय." मिलिंदने चमकून तिच्याकडे पाहिलं. "मला वाटत होतं मी तुला ओढून नेतोय!" "तू विचारलंस कुठे?" ती म्हणाली. मग मिलिंद. तो बराच अडखळला. नोकरी चांगली आहे, पगार आहे, हे सगळं झालं, मग म्हणाला, "पण आईला मागे ठेवून गेलो असं मला व्हायला नको. बाबा गेले तेव्हा मी तिच्याजवळ नव्हतो." मग सवयीने पुढे म्हणाला, "आणि आईचं म्हणशील तर तिला—"

"मिलिंददादा," मी म्हटलं, "जीभ टाळूला."

बाईंनी आमटीत भात कालवला. एक घास खाल्ला, पाणी प्यायल्या. आम्ही सगळे बघत होतो. ईशासुद्धा हलली नाही.

"मला नाही यायचं," बाई म्हणाल्या. "मला इथली दारं ओळखीची झाली आहेत. इथे मला काम आहे. त्या कामात माणसं माझी वाट बघत नाहीत, पण मी गेले की बोलतात. रविवारी बाजारात चालत जाता येतं. गुडघे धरतात, ते तिकडेही धरतील. मी रुसून राहत नाहीये रे, मिलिंदा. मला राहायचंय म्हणून राहतेय. तुम्ही जा, आनंदाने जा. मला एक छोटं युनिट बघून दे, बाजाराजवळ." त्या थांबल्या. मी म्हटलं, संपलं. पण खरं ते मागून येतं, हे त्यांचंच. "आणि आता विचारलंच आहे तर सांगते. माझा वाढदिवस एक जूनला नसतो."

"व्हॉट?" ईशा किंचाळली. "बट वी हॅव केक!"

मिलिंद उठला. रिकामं ताट घेऊन सिंकपाशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून ते घासत राहिला, घासतच राहिला. स्वाती उठू लागली तशी बाईंनी तिला डोळ्यांनी बसवलं. बऱ्याच वेळाने त्याने नळ बंद केला. वळला नाही. "मग कधी असतो, आई?" त्याने विचारलं.

ते ऐकून माझ्या डोळ्यांना धार लागली. आई-मुलाचं बोलणं चाललंय आणि ही सांगलीची बया मेथीच्या भाजीत रडतेय. पण काय करणार! बाईंनी त्याला पंगतीची, आवळ्याच्या झाडाची, कळांची सगळी गोष्ट सांगितली. त्याने ती पहिल्यांदाच ऐकली होती.

ते तिघं गेले, बाई राहिल्या. मिलिंदने विमानतळावर लहान मुलासारखं रडून घेतलं, आणि त्या आधी बाजारापासून चालत जाण्याजोगं एक युनिट शोधलं, त्याच्या बाथरूममध्ये आधाराला धरायचे दांडे स्वतः बसवले, एक किल्ली आईला दिली, एक मला, एक स्वतःजवळ ठेवली. दर कार्तिकात तो यायचा. आवळ्याचं झाड ऑकलंडात कुठून आणणार? आम्ही अंगणातल्या लिंबाखाली सतरंजी टाकून जेवायचो. हेलन यायची, शेजारचे लोक यायचे, आणि बाई आल्या आल्या बघून घ्यायच्या की कोण आलं नाही.

बाई जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटपर्यंत दारं वाजवत होत्या. गेल्या त्याच्या आदल्या कार्तिकातली गोष्ट. मी त्यांच्या स्वयंपाकघरात पुरण वाटत होते, बाई आत पडल्या होत्या. खिडकीतून टॅक्सी थांबलेली दिसली. मिलिंद उतरला, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात किल्ली. पायरी चढला. किल्ली दारापर्यंत नेली आणि थांबला. मग ती खिशात घातली, बेल वाजवली, दोन पावलं मागे सरकला, आणि कुंडीतल्या जास्वंदीकडे बघत, जरा तिरका, आई येण्याची वाट बघत उभा राहिला.